वीस जागांच्या तुकडीचा हिशेब

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयचे, एखादे वर्ष कसे गेले हे सांगताना बहुधा दोनच आकडे पुढे केले जातात : किती जागा भरल्या आणि निकाल किती टक्के लागला. दोन्ही आकडे खरे असतात, कागदपत्रांवरून पडताळूनही पाहता येतात. तरीही संस्थेचे खरे काम त्यांच्या आड दडून राहू शकते. ते काम कसे मोजले जाते, त्याची जबाबदारी कोणावर असते आणि त्या जबाबदारीला पुरतील इतके अधिकार त्या व्यक्तीकडे असतात का, हे प्रश्न दहावीनंतर मुलाला किंवा मुलीला ‘आयटीआयला घालू’ म्हणणाऱ्या प्रत्येक घराशी निगडित आहेत.

या व्यवस्थेचा पाया १९५० मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेने घातला. नव्या कारखान्यांना लागणारे कुशल कामगार तयार करणे आणि शिकलेल्या तरुणांची बेकारी कमी करणे, असे तिचे दुहेरी उद्दिष्ट होते. पुढे शिवराव समितीच्या शिफारशीनुसार १९५६ मध्ये या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपवण्यात आला आणि १९६९ पासून खर्चाचा भारही राज्यांवर आला. अभ्यासक्रम, यंत्रसामग्रीचे निकष, संलग्नता (म्हणजे एखादा व्यवसाय शिकवण्याची अधिकृत मान्यता) आणि अखेरची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा या बाबी मात्र केंद्राकडेच राहिल्या. आज त्या केंद्रीय कौशल्य विकास मंत्रालयाच्या प्रशिक्षण महासंचालनालयामार्फत चालतात. इमारत, वेतन, नेमणुका, प्रवेश आणि रोजची शिस्त यांची जबाबदारी राज्याची. काय शिकवायचे हे दिल्लीत ठरते, कोणी शिकवायचे हे राज्याच्या राजधानीत, आणि प्रत्यक्ष शिकवणे तालुक्याच्या ठिकाणी होते. आयटीआयच्या कारभारातील बहुतेक अडचणींचे मूळ या विभागणीत सापडते.

देशातील आयटीआयंची संख्या आता पंधरा हजारांच्या घरात असून त्यांपैकी बहुसंख्य खासगी आहेत. महाराष्ट्रात शासकीय संस्थाच चारशेहून अधिक आहेत आणि त्यांचा कारभार १९८४ मध्ये तंत्रशिक्षणापासून वेगळ्या काढलेल्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे शिकण्याचे एक कौशल्यक्षेत्र : जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, संधाता म्हणजे वेल्डर. प्रत्येक व्यवसायाच्या तुकडीला ठरावीक जागा असतात. जोडारीच्या तुकडीत त्या वीस असतात. संस्थेच्या वर्षाचा हिशेब अशा एका तुकडीपासून मांडत गेल्यास तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

समजा, जोडारीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वीसपैकी अठरा जागा भरल्या. पहिल्या काही महिन्यांत दोघांनी अन्य अभ्यासक्रमात जागा मिळाल्याने संस्था सोडली, एकजण घरच्या शेतीसाठी परतला आणि आणखी एकाची हजेरी परीक्षेला बसण्यापुरती भरली नाही. उरलेले चौदाजण अखेरच्या परीक्षेला बसले आणि तेराजण उत्तीर्ण झाले. निकालपत्रकावर ही तुकडी जवळजवळ ९३ टक्क्यांची ठरते. प्रवेश घेतलेल्यांच्या प्रमाणात पाहिले तर हाच आकडा ७२ टक्क्यांवर येतो, आणि ज्या वीस जागांसाठी शासनाने कार्यशाळा उभारली, यंत्रे घेतली आणि निदेशकाचा पगार दिला त्यांच्या प्रमाणात तो ६५ टक्के भरतो. तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या प्रश्नाला आहे. पहिला आकडा परीक्षेची तयारी कशी झाली ते सांगतो, दुसरा मुलांना टिकवून धरण्यात संस्था किती यशस्वी झाली ते, आणि तिसरा सार्वजनिक पैशाचे काय झाले ते. वार्षिक अहवालात केवळ पहिला आकडा छापला, तर वाटेत गळालेली चार मुले त्या अहवालात कधी नव्हतीच असे होते. आणि आयटीआयचे अपयश कोठे शोधायचे असेल, तर ते नापास झालेल्या एका मुलापेक्षा या चौघांपाशी अधिक सापडते.

परीक्षेच्या रचनेकडेही पाहिले पाहिजे. उत्तीर्ण होण्यासाठी प्रात्यक्षिकात आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनात किमान ६० टक्के गुण लागतात, इतर विषयांत ३३ टक्के पुरतात. हाताच्या कामाला अधिक महत्त्व असावे, हा विचार त्यामागे आहे. त्याच विचाराने वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाला दिलेले आहेत. जोडारीचा प्रशिक्षणार्थी सुरुवातीला शेगड्यात पकडलेला लोखंडी तुकडा कानशीने घासतो, ट्रायस्क्वेअर लावून काटकोन तपासतो आणि ठरलेल्या मापापासून पाव मिलिमीटरपेक्षा अधिक फरक राहू नये इतकी अचूकता गाठायला शिकतो. पुढे एकमेकांत नेमके बसणारे भाग घडवताना हीच मर्यादा ०.०४ मिलिमीटरपर्यंत खाली येते. ही अचूकता पुस्तकातून येत नाही, तुकड्यामागून तुकडे वाया घालवल्यावर हातात येते. कच्च्या मालाचे अनुदान उशिरा आले आणि वीस मुलांना पुरेसे तुकडे मिळाले नाहीत, किंवा चार लेथपैकी दोन दुरुस्तीअभावी बंद राहिले, तर ८४० तास वेळापत्रकात जसेच्या तसे दिसतात, पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला यंत्रावर उभे राहण्याचा वेळ निम्माच येतो. म्हणून संस्थेच्या वार्षिक कामगिरीत बंद यंत्रांचे दिवस आणि माल मिळाल्याची तारीख या दोन नोंदींना निकालाच्या टक्केवारीइतकेच महत्त्व दिले पाहिजे.

शिकवणाऱ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. कार्यशाळेत शिकवणाऱ्याला महाराष्ट्रात शिल्प निदेशक म्हणतात. त्याच्याकडे व्यवसायाचे कौशल्य हवेच, शिवाय ते शिकवण्याचे स्वतंत्र प्रशिक्षणही अपेक्षित असते. निदेशकांची रिक्त पदे हे अनेक राज्यांचे जुने दुखणे आहे. ती भरेपर्यंत कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर माणसे घेतली जातात, त्यांतील कित्येकजण मनापासून शिकवतात आणि वर्ष संपता संपता निघून जातात. नव्या निदेशकाला तुकडी, यंत्रे आणि मुले ओळखेपर्यंत पहिली सहामाही सरते. एखाद्या तुकडीचा निकाल अचानक घसरला, तर कारण शोधण्याची सुरुवात मुलांपासून नव्हे, तर त्या वर्षी निदेशकाची खुर्ची किती महिने रिकामी होती येथून व्हायला हवी.

प्रमाणपत्र हातात पडल्यानंतर काय होते, हा हिशेबाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी नोंदला जाणारा भाग. अनेक मुले शिकाऊ उमेदवारीत जातात, म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनावर ठरावीक काळ काम करत शिकतात. २०१६ पासून केंद्र सरकार राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून या विद्यावेतनाचा काही भार उचलते. ही उमेदवारी उपयुक्त आहे, पण ती नोकरी नव्हे. ‘रोजगार मिळाला’ या रकान्यात तिची गणना केली, तर आकडा फुगतो आणि उमेदवारी संपल्यावर मुलाचे काय झाले हे कोणालाच कळत नाही. दुसऱ्या बाजूला, गावात मोटारपंपांची वाइंडिंग करणारा किंवा घरांची वीजजोडणी करणारा वीजतंत्री स्वतःच्या पायावर उभा असतो, पण कोणत्याही कंपनीच्या यादीत नसल्यामुळे संस्थेच्या यशात त्याची नोंद होत नाही. बाहेर पडलेल्यांचा ठरावीक काळाने मागोवा घेणाऱ्या सर्वेक्षणाची गरज येथे भासते. सहा महिन्यांनी आणि दीड वर्षाने प्रत्येकाला एक फोन करून तो काय करतो, किती मिळवतो आणि शिकलेल्याच व्यवसायात आहे का, एवढे विचारण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एक कर्मचारी, एक नोंदवही आणि ती नोंद वरपर्यंत पाहिली जाईल याची खात्री असली की पुरते.

शासनाला ही उणीव दिसलेली नाही असे नाही. २०१७ मध्ये प्रशिक्षण महासंचालनालयाने देशभरातील आयटीआयंची प्रतवारी सुरू केली आणि त्यासाठी ४३ निकष ठरवले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या २२०० कोटी रुपयांच्या ‘स्ट्राइव्ह’ योजनेत तर निवडलेल्या संस्थांचे अनुदान कामगिरीशी जोडण्यात आले : रिक्त जागा आणि गळती कमी होणे, मुलींचा प्रवेश वाढणे, कारखान्यांशी करार होणे, बाहेर पडलेल्यांचा मागोवा घेतला जाणे. दिशा योग्य होती. मात्र प्रतवारीचा धोका असा, की निकष अनेक असले की कागद पूर्ण करण्याचे कौशल्य वाढीस लागते, आणि मोठ्या औद्योगिक वसाहतीशेजारची संस्था व डोंगराळ तालुक्यातील संस्था एकाच मापाने मोजल्या जातात. नव्या अभ्यासक्रमानुसार दरवर्षी १५० तासांचे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण अनिवार्य आहे आणि जेथे उद्योग उपलब्ध नाहीत तेथे गटाने प्रकल्प करण्याची मुभा आहे. पिंपरी-चिंचवडच्या परिसरात पहिला पर्याय सहज शक्य होतो. गडचिरोलीच्या आतल्या भागात दुसऱ्यावरच भागवावे लागते. दोन्ही ठिकाणच्या मुलांना मिळणारे प्रमाणपत्र मात्र एकच असते.

स्थानिक उद्योग आणि संस्था यांना जोडणारी रचना कागदावर फार पूर्वीच तयार झाली. २००७ मध्ये केंद्राने १३९६ शासकीय आयटीआयंचे सार्वजनिक-खासगी भागीदारीतून उन्नतीकरण करण्याची योजना आणली आणि प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज देऊ केले. हे कर्ज राज्याच्या तिजोरीत न जाता थेट संस्था व्यवस्थापन समितीकडे जाणार होते. त्यासाठी या समितीची संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करणे आवश्यक होते. समितीचा अध्यक्ष भागीदार उद्योगाचा, त्याच्यासोबत स्थानिक उद्योगांतील चार सदस्य; राज्याने नेमलेल्या पाचांत जिल्हा रोजगार अधिकारी, संचालनालयाचा प्रतिनिधी, परिसरातील एक शिक्षणतज्ज्ञ, एक ज्येष्ठ निदेशक आणि एक प्रशिक्षणार्थी; आणि संस्थेचे प्राचार्य पदसिद्ध सदस्य-सचिव. समितीने संस्था विकास आराखडा करायचा, त्यात पुढील वर्षांची उद्दिष्टे आकड्यांत मांडायची आणि २० टक्क्यांपर्यंत जागांच्या प्रवेशाचा निर्णय स्वतः घ्यायचा. पहिली दहा वर्षे परतफेड नाही, पुढच्या वीस वर्षांत समान हप्ते, अशी कर्जाची सोय होती.

अकरा माणसांच्या या समितीत प्रशिक्षणार्थ्याला जागा दिली गेली, ही योजनेतील मोलाची गोष्ट; तिचा उपयोग फार थोड्या ठिकाणी झाला. जेथे अध्यक्षाने महिन्यातून एकदा तरी कार्यशाळेत फेरी मारली, आपल्या कारखान्यातील अनुभवी कारागीर शिकवायला पाठवला, तेथे संस्थेचे रूप बदलले. अनेक ठिकाणी मात्र उद्योगाचा सहभाग बैठकीच्या इतिवृत्तावरील सहीपुरता उरला आणि निधीचा मोठा भाग मुदत ठेवीत पडून राहिल्याची नोंद लेखापरीक्षणांत झाली. याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. कर्ज कधीतरी फेडायचे आहे ही भीती, खरेदीच्या नियमांबद्दलची धास्ती आणि चूक झाल्यास चौकशी प्राचार्यांचीच होणार ही जाणीव एकत्र आली, म्हणजे सर्वांत सुरक्षित निर्णय पैसे बँकेत ठेवण्याचा ठरतो. ठेवीवर व्याज वाढत राहते आणि कार्यशाळेतला लेथ तसाच बंद राहतो.

खरी गाठ प्राचार्यांच्या अधिकारांत आहे. निकालाबद्दल जाब त्यांना विचारला जातो; पण निदेशक नेमणे त्यांच्या हाती नाही, अभ्यासक्रम बदलणे नाही, मागणी संपलेला व्यवसाय बंद करून नवा सुरू करायचा तर संलग्नतेची लांबलचक प्रक्रिया पार पाडावी लागते. समितीकडे पैसा असतो पण माणसांवर अधिकार नसतो, आणि संचालनालयाकडे अधिकार असतो पण शेकडो संस्थांमुळे प्रत्येकीकडे पाहायला सवड नसते. वर्षाच्या अखेरीस कामगिरी घसरली, तर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, आणि प्रत्येकाचे म्हणणे थोडेफार खरेच असते.

या पार्श्वभूमीवर मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘पीएम-सेतू’ या नावाने सुरू झालेली योजना पाहावी लागते. पाच वर्षांत ६० हजार कोटी रुपये, त्यांतील ३० हजार कोटी केंद्राचे, २० हजार कोटी राज्यांचे आणि १० हजार कोटी उद्योगांचे. एक हजार शासकीय आयटीआय, त्यांपैकी दोनशे मध्यवर्ती आणि आठशे त्यांना जोडलेल्या, असा तिचा विस्तार आहे. व्यवस्थापनासाठी उद्योगांच्या पुढाकाराने स्वतंत्र विशेष संस्था स्थापन करण्याची तरतूद आहे. २००७ च्या समितीपेक्षा हे पाऊल पुढचे आहे. पण मध्यवर्ती संस्थेकडे अत्याधुनिक यंत्रे आली आणि जोडलेल्या लहान संस्थेतील मुलाला तेथवर जाण्याचे एसटीचे भाडे परवडले नाही, तर ती यंत्रे त्याच्यासाठी असून नसल्यासारखीच. नव्या रचनेला निदेशकांच्या नेमणुकीत किती अधिकार मिळतो आणि आठशे लहान संस्थांतील मुलांचे हित पाहायला तिच्यात कोण बसतो, यांवर बरेच काही अवलंबून आहे.

तोपर्यंत एक गोष्ट कोणत्याही नव्या निधीविना करता येण्याजोगी आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे सार्वजनिक संस्थेने आपल्या कारभाराची माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. प्रत्येक तुकडीमागे मंजूर जागा, प्रवेश, गळती, उत्तीर्ण, शिकाऊ उमेदवारी, नोकरी, स्वयंरोजगार, निदेशकाचे पद रिक्त राहिलेले महिने आणि यंत्रे बंद राहिलेले दिवस असे नऊ रकाने भरून तो तक्ता संस्थेच्या फलकावर आणि ऑनलाइन प्रवेशाच्या संकेतस्थळावर लावता येईल. दहावीचा निकाल लागल्यावर व्यवसायांचे पसंतीक्रम भरायला बसलेल्या मुलीला गेल्या वर्षी प्रवेश किती गुणांवर थांबला हे समजते. त्याच पडद्यावर, तिने निवडलेल्या तुकडीतील मागच्या मुली आज कोठे काम करतात, हेही तिला दिसले पाहिजे.