उन्हाळा बाहेर, उन्हाळा डब्यात

मे महिन्यातली दुपार. रिछाईच्या औद्योगिक भागात या वेळी पत्र्याच्या शेडकडे बघवत नाही. बाहेर पारा चाळिशी ओलांडून पुढे गेलेला, दिवाणखान्यात वाळ्याचे तट्टे लावलेला कूलर घरघरतोय आणि भाच्याच्या खोलीतून आणखी एक घरघर ऐकू येते आहे. ती टेबलाखालच्या डब्याची. आमच्या घरात त्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली दडलेला असतो हे ताईला आजवर पटलेलं नाही.

“मामा, ब्याण्णव दाखवतंय,” भाचा म्हणाला. हे ब्याण्णव म्हणजे प्रोसेसरचं तापमान, सेल्सिअसमध्ये. तो थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकतो. एक दृश्य तयार व्हायला संगणकाला तासन्‌तास राबावं लागतं. त्यामुळे घरात गेले काही महिने एकच विषय: नवा, सगळ्यात वेगवान प्रोसेसर घ्यायचा का? ताईने त्यासाठी पैसे बाजूला काढले होते, आणि निर्णय माझ्यावर सोडला होता. मी या छंदातला जुना माणूस. स्वतः संगणक जोडणारा, नव्या प्रोसेसरची वाट दिवाळी अंकासारखी पाहणारा. पण या वेळी मला ‘घे’ म्हणवेना.

त्याची कारणं सांगायची तर आधी गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडावा लागेल.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलचा कोअर आय-नाइन १३९००के आला. किंमत ५८९ डॉलर. वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, १४९००के आला. किंमत तीच, कोअर तितकेच, म्हणजे २४. कमाल वेग ५.८ वरून ६ गिगाहर्ट्झ. प्रत्यक्ष कामात फरक बहुतेक ठिकाणी दोन-चार टक्क्यांचा. पूर्ण ताकदीने चालताना वीज मात्र २५३ वॉट. डॉलर ८४ रुपयांना धरला तर ही किंमत ४९ हजारांच्या पुढे जाते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५८ हजारांच्या वर. हा फक्त प्रोसेसर. त्याला शोभेल असा मदरबोर्ड, मोठा कूलर आणि तगडा पॉवर सप्लाय वेगळा. दोन-चार टक्क्यांसाठी!

बरं, गोष्ट इथेच थांबली असती तर ‘नको तर घेऊ नका’ म्हणता आलं असतं. पण २०२४ मध्ये या दोन्ही पिढ्यांचे अनेक वरच्या दर्जाचे प्रोसेसर अडखळायला लागले. गेम मध्येच बंद पडायचे, संगणक गोठायचा. इंटेलने शेवटी कबूल केलं की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्यामुळे आतली चिप झिजत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचा उपाय आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. पण जी चिप एकदा झिजली, ती त्या उपायाने बरी होत नाही. ज्याने पोटाला चिमटा काढून वरचा प्रोसेसर घेतला, त्यालाच हा फटका बसला.

त्याच ऑगस्टमध्ये एएमडीची रायझन ९००० मालिका आली. इथे तक्रार उलटी. ९७००एक्सचा अधिकृत आकडा ६५ वॉट, म्हणजे गरम होणं कमी, किंमतही मागच्या ७७००एक्सच्या मूळ किमतीपेक्षा कमी. पण गेम खेळणाऱ्यांना वेगात वाढ शोधावी लागत होती. पुढे कंपनीने वीज वाढवून १०५ वॉटवर चालवायची सोय दिली, विंडोजच्या एका अपडेटनेही थोडा वेग सुटला. तरी पहिलं मत बनायचं ते बनलंच.

आणि २४ ऑक्टोबर २०२४ ला इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के. किंमत पुन्हा ५८९ डॉलर. वीज आधीपेक्षा कमी, हे खरं. पण अनेक गेममध्ये तो स्वतःच्याच मोठ्या भावाच्या, १४९००केच्या, मागे पडला. शिवाय सॉकेट नवं, म्हणजे मदरबोर्ड नवा. सुरुवात मनासारखी झाली नाही हे कंपनीनेही नंतर मान्य केलं.

छंदिष्टांची नाराजी ही अशी. कोणी गरम आहे म्हणून, कोणी महाग आहे म्हणून, कोणी वेग वाढला नाही म्हणून. आणि तिन्ही तक्रारी एकाच मुळातून येतात.

१९७४ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण मांडलं. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की त्याला लागणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर कोंबले तरी चिप जास्त तापत नाही. पुढची तीस वर्षं संगणक दरवर्षी वेगवान आणि तुलनेने स्वस्त होत गेले, ते मुख्यतः या जोरावर. साधारण २००५ च्या सुमारास हे गणित बिघडलं. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायला लागली आणि व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास अडकून बसलं. आता वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्के वाढवलं की नुसत्या त्यानेच वीज एकवीस टक्के जास्त. शेवटच्या पाच टक्के वेगासाठी प्रोसेसर भट्टीसारखा का तापतो, त्याचं कारण हे आहे. तक्त्यात आपला पट्टा सर्वांत लांब दिसावा म्हणून कंपन्या तो शेवटचा घासही कोंबतात.

किती तापतो? घरातली हजार वॉटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरला पाच वॉट पडतात. १४९००केची चिप जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरची. तिच्यातून २५३ वॉट जातात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ शंभर वॉट. इस्त्रीच्या वीसपट. ती उष्णता उचलून बाहेर फेकायची आणि चिप शंभर अंशांच्या आत ठेवायची, हे त्या पंख्याचं काम.

हा रागही काही नवा नाही. मार्च १९९३ मध्ये पहिला पेंटियम आला तेव्हाही लोक त्याच्या उष्णतेवरून कुरकुरले होते. त्या प्रकल्पाचे प्रमुख विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. ६६ मेगाहर्ट्झचा तो पेंटियम सोळा वॉटपर्यंत जायचा आणि सोळा वॉट म्हणजे तेव्हा केवढं वाटलं होतं! वर्षभरात पाच व्होल्टवरून ३.३ व्होल्टवर येणारी आवृत्ती निघाली आणि प्रश्न मिटला. तेव्हा डेनार्डचं गणित चालू होतं ना.

२००४ मध्ये ते चालेनासं झालं. त्या फेब्रुवारीत आलेला पेंटियम ४ ‘प्रेस्कॉट’ आधीच्यापेक्षा बारीक तंत्राने, ९० नॅनोमीटरने, बनवलेला होता. म्हणजे थंड असायला हवा होता. तो इतका तापला की लोक त्याला ‘प्रेसहॉट’ म्हणायला लागले, आणि वेग बऱ्याच कामांत जुन्याइतकाच. चार गिगाहर्ट्झचं वचन इंटेलने त्याच ऑक्टोबरमध्ये मागे घेतलं. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली. गमतीने मागितली, पण मागितली. दोन वर्षांनी कोअर २ ड्युओ आला. तीन गिगाहर्ट्झपेक्षाही कमी वेगाचा, ६५ वॉटचा, आणि जुन्या गरम पेंटियमला त्याने सहज मागे टाकलं. त्या दिवसांत आम्हा छंदिष्टांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी अजून विसरलो नाही.

आता जबलपूरच्या बाजूने एक गोष्ट, जी परीक्षणांत सहसा येत नाही. प्रोसेसरची परीक्षा होते ती एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत. पंखा असो की पाण्याचा लिक्विड कूलर, तो चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, फक्त खोलीपेक्षा किती वर राहायचं ते ठरवतो. आमच्याकडे मे महिन्यात खोली अडतीसची. म्हणजे वरचे सोळा-सतरा अंश जसेच्या तसे प्रोसेसरच्या माथ्यावर. तिकडे ७८ दाखवणारा इथे ९५ दाखवणार. मर्यादेला टेकला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे ज्या शेवटच्या पाच टक्क्यांसाठी एवढे पैसे मोजले, ते उन्हाळ्याचे दोन-तीन महिने मिळतच नाहीत.

शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. अडीचशे वॉटचा प्रोसेसर चार तास पूर्ण जोरात चालला की एक युनिट जळतं. तीनशे वॉटचं ग्राफिक्स कार्ड सोबतीला असेल तर दुपारभर खोलीत अर्ध्या ताकदीचा हीटर लावून बसल्यासारखं आहे. हे सांगितल्यावर ताई पहिल्यांदा या चर्चेत सामील झाली.

“म्हणजे मी इकडे कूलरमध्ये पाणी भरायचं आणि तू तिकडे हीटर लावायचा?”

भाचा गप्प.

मग आम्ही नवा घ्यायचं बाजूला ठेवून जुना डबा उघडला. रिछाईत धूळ काय असते ते इथल्यांना सांगायला नको. हीटसिंकच्या पात्यांमध्ये गोधडीसारखा थर बसला होता. ब्रशने आणि फुंकणीने तो काढला, वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. डबा भिंतीला चिकटवून ठेवलेला होता, तो हातभर पुढे ओढला. (खोलीच्या कूलरचा ओला झोत मात्र डब्यावर सोडू नका. गार वाटतं, पण ती दमट हवा आतल्या भागांना बरी नाही.)

दुसरं काम सेटिंगचं. प्रोसेसरला किती वीज खाऊ द्यायची हे बायोसमध्ये ठरवता येतं, एएमडीमध्ये तर त्यासाठी ‘इको मोड’ नावाची सोयच आहे. यात किती दम आहे ते पाहा: १३९००के बाजारात आणताना खुद्द इंटेलने सांगितलं होतं की तो ६५ वॉटवर, सर्व कोअर लावून करायच्या कामात, मागच्या १२९००केच्या २४१ वॉटमधल्या कामाची बरोबरी करतो. मग कारखान्यातून येतानाच तो २५३ वॉटवर का सोडायचा? तक्त्यातल्या पट्ट्यासाठी, दुसरं काय. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त चीड कशाची येत असेल तर ती याची. चांगला, समजूतदार प्रोसेसर त्याच खोक्यात असतो. तो आपल्याला स्वतः शोधून काढावा लागतो.

सगळंच वाईट चाललंय असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएमडीचा ९८००एक्स३डी आला. त्यात जास्तीची कॅश मेमरी कोअरच्या वर न ठेवता खाली ठेवली, त्यामुळे तापणारा भाग थेट कूलरला भिडला. गेममध्ये तो सगळ्यांच्या पुढे गेला, १२० वॉटच्या वर्गात राहून. किंमत ४७९ डॉलर, म्हणजे स्वस्त नाहीच. पण इथे पैशाच्या बदल्यात काहीतरी मिळतं हे छंदिष्टांना लगेच कळलं आणि तो दुकानांतून भराभर संपला. मात्र त्याची जादू गेममध्ये. भाच्याच्या अ‍ॅनिमेशनला जास्त कोअर लागतात, त्यामुळे त्याच्या उपयोगाचा तो नाही. हे त्याने स्वतःच वाचून मला सांगितलं.

त्याचा जुना मदरबोर्ड एएमडीच्या एएम४ सॉकेटचा निघाला. या सॉकेटवर २०१७ पासूनचे रायझन बसत आले, बायोस बदलून घेतलं की बऱ्याच जुन्या बोर्डांवर नंतरचे बारा आणि सोळा कोअरवालेही चालतात. तसा एक मागच्या पिढीचा बारा कोअरचा प्रोसेसर आम्ही घेतला. मदरबोर्ड तोच, मेमरी तीच. बाजूला काढलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त ताईला परत गेले.

काल पुन्हा दुपारी त्याच्या खोलीत डोकावलो. पडदे ओढलेले, इको मोड चालू, दृश्य तयार होत होतं. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, “एकाहत्तर, मामा.” आणि दार लावून घ्या म्हणाला, गार हवा बाहेर जातेय.