तडकलेल्या प्लॅस्टिकची जोडणी

प्रीमियर पद्मिनी ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. १९६४ साली फियाट या नावाने रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तरीही हौसेने पद्मिनी सांभाळणारी मंडळी गावोगावी आहेत. पत्रा गंजला तर तो कापून नवा जोडणारे मिस्त्री त्यांना मिळतात, इंजिनचे भागही खटपट करून मिळतात. अडते ते प्लॅस्टिकपाशी. डॅशबोर्डचा एखादा कोपरा, दिव्याची लाल ‘काच’, एखादे बटण तडकले की नवे मिळत नाही, आणि जुने एकदा चुकीच्या पद्धतीने जोडले की पुन्हा नीट जोडता येत नाही. माझ्या एका मित्राने असाच एक भाग झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडला. चार दिवसांत तो सुटला. मग दुसरा गोंद, मग तिसरा. शेवटी भेगेच्या दोन्ही कडांवर निरनिराळ्या गोंदांची इतकी पुटे चढली की त्या कडा एकमेकींत बसेनात.

मित्राचा प्रश्न होता, “कोणता गोंद चांगला?” पण त्याआधी विचारायला हवे, की हे प्लॅस्टिक कोणते?

प्लॅस्टिक म्हणजे बहुवारिक. त्याचे रेणू हजारो छोट्या घटकांच्या लांबच लांब साखळ्या असतात. ताटात शेवयांचा गुंता पडावा तशा या साखळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात आणि त्या गुंत्यातूनच प्लॅस्टिकला चिवटपणा येतो. तडा जातो तेव्हा काही साखळ्या तुटतात, पण पुष्कळशा गुंत्यातून नुसत्या ओढून काढल्या जातात. भेगेच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या पुन्हा एकमेकींत शिरून गुंतल्या, तर ती खरी दुरुस्ती. गोंद बहुधा असे काही करत नाही. तो दोन पृष्ठभागांना बाहेरून धरून ठेवतो, इतकेच.

साखळ्यांना पुन्हा गुंतवायचे तर त्या आधी हलत्या करायला हव्यात. येथे प्लॅस्टिकचे दोन वर्ग पडतात. ऊष्मामृदू प्लॅस्टिक तापवले की मऊ होते, कारण त्यातल्या साखळ्या सुट्या असतात. बादली, पेनाचे टोपण, हेल्मेटचे कवच या वर्गातले. ऊष्मादृढ प्लॅस्टिकात मात्र साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी आडव्या जोडलेल्या असतात. कुकरची काळी मूठ गॅसच्या धगीपाशी राहूनही वितळत नाही, फार तापली तर करपते. ती बेकेलाइटची, म्हणजे या दुसऱ्या वर्गातली.

या दुसऱ्या वर्गाचे सर्वांत गमतीदार उदाहरण पूर्व जर्मनीत सापडते. त्स्विकाऊ या गावी १९५७ ते १९९१ या काळात ट्राबांट नावाच्या मोटारीचे सुमारे ३० लाख नग तयार झाले. पत्र्याची टंचाई होती, म्हणून तिची दारे, टप, बॉनेट हे सारे ड्युरोप्लास्टचे, म्हणजे टाकाऊ कापसाच्या तंतूंचे थर फेनॉलच्या राळेत भिजवून, गरम साच्यात दाबून केलेले. हा पदार्थ गंजत नाही; पण तडकला तर वितळवून जोडता येत नाही. भेगेच्या मागून काचतंतूंचे कापड एपॉक्सी राळेत बसवून ठिगळ लावायचे, एवढाच मार्ग उरतो. ठिगळ भक्कम असते, पण ते ठिगळच.

तेव्हा आधी ओळख. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि वर्गात करून दाखवण्याजोगा हा भाग आहे. एका पेल्यात साधे पाणी घ्या, दुसऱ्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत मीठ घातलेले पाणी. त्याची घनता सुमारे १.२ असते. दोन्हींत साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून फसगत होणार नाही. पॉलिप्रॉपिलीन (घनता ०.९) आणि पॉलिथिलीन साध्या पाण्यावर तरंगतात. एबीएस आणि पॉलिस्टायरीन (दोन्ही १.०५च्या आसपास) साध्या पाण्यात बुडतात पण मिठाच्या पाण्यावर तरंगतात. ॲक्रिलिक (१.१८) त्यात कसेबसे तरंगते. कडक पीव्हीसी आणि बेकेलाइट दोन्हींत बुडतात. मात्र मोटारीच्या भागांत पॉलिप्रॉपिलीनमध्ये शंखजिऱ्याची पूड मिसळण्याची पद्धत आहे आणि असा तुकडा पाण्यात बुडू शकतो. म्हणून दुसरी चाचणी घ्यावी. भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कापसाच्या बोळ्याने ॲसिटोन लावा. एबीएस काही क्षणांत चिकट होते. पॉलिप्रॉपिलीनला आणि बेकेलाइटला काहीच होत नाही. थर्मोकोलचा तुकडा ॲसिटोनमध्ये बघता बघता नाहीसा होतो, हे विद्यार्थ्यांना दाखवले की विद्रावक म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. ॲसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा थोडेच घ्यावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी.

तुकडा जाळून वासावरून आणि ज्योतीच्या रंगावरून प्लॅस्टिक ओळखण्याची रीत काही पुस्तकांत दिलेली असते. ती वर्गात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि कोणता तुकडा पीव्हीसीचा आहे हेच तर आपल्याला ठाऊक नसते.

ओळख पटली तरी लगेच जोडायला बसू नये. आधी भेग थांबवावी लागते. बिस्किटाच्या पुड्याच्या कडेला जरासा काप असला की पुडा सहज फाटतो, कारण सारा ताण त्या कापाच्या टोकाशी एकवटतो. चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ साली याचे गणित मांडले. कडेपासून आत गेलेल्या भेगेच्या लांबीला टोकाच्या त्रिज्येने भागा, वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करून १ मिळवा; टोकाशी ताण साधारण तितके पट होतो. भेग १० मिलिमीटर लांब आणि टोकाची त्रिज्या ०.०१ मिलिमीटर असेल, तर ताण सुमारे ६४ पट! आता त्याच टोकावर ३ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडा. त्रिज्या झाली १.५ आणि ताण उरला सुमारे ६ पट. भोक पाडून वस्तू बळकट होते, हे मुलांना प्रथम पटत नाही. कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, दोन्हींच्या कडेला सारख्याच लांबीचा काप द्या, एकीच्या कापाच्या टोकाशी पंचिंग यंत्राने भोक पाडा, आणि दोन्ही ओढायला सांगा.

आता जोडणी. भाग एबीएसचा असेल तर काम सोपे. त्याच भागाच्या आतल्या, बिनकामाच्या पट्टीचा थोडा भुगा काढून तो काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवला की घट्ट खीर तयार होते. जुन्या एबीएसचा वरचा पातळ थर उन्हाने आणि हवेने कडक, ठिसूळ झालेला असतो. यातल्या रबरी घटकाच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि प्राणवायू प्रथम त्यांच्यावरच हल्ला करतो. बंद गाडी उन्हात उभी असली की डॅशबोर्डचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, त्यामुळे ही क्रिया आणखी वेगाने होते. हा मेलेला थर काचकागदाने घासून काढावा, भेगेच्या कडांना उतार देऊन खाच करावी आणि खीर थोडी थोडी भरावी. मागून बारीक जाळीचा तुकडा याच खिरीत बसवला तर उत्तम.

येथे ॲसिटोन उष्णतेचेच काम करते. एबीएस एरवी १०५ अंशांच्या आसपास मऊ होते. ॲसिटोनचे छोटे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांना खोलीच्या तापमानालाच हलते करतात. मग भेगेच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या सापासारख्या सरपटत सीमा ओलांडतात. या सरपटण्याचा सिद्धान्त पिएर-झिल द जेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९७१ साली मांडला. त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशा गुंतागुंतीच्या पदार्थांवरील कामासाठीच. ॲसिटोन उडून गेले की साखळ्या आहेत तेथे थिजतात आणि मूळ भेग उरत नाही.

पॉलिप्रॉपिलीन मात्र रोजच्या कोणत्याच विद्रावकाला दाद देत नाही आणि गोंदही त्याला धरत नाही. माझ्या मित्राचा भाग याच प्लॅस्टिकचा निघाला. त्याला उष्णताच हवी. ते १६० अंशांच्या जवळपास वितळते, म्हणून त्याच प्लॅस्टिकची काडी गरम हवेने मऊ करून खाचेत भरतात. दुसऱ्या प्लॅस्टिकची काडी चालत नाही, कारण परक्या साखळ्या सहसा एकमेकींत मिसळत नाहीत. आमचे अर्धे काम जुनी पुटे खरवडण्यातच गेले.

दिव्याची लाल ‘काच’ बहुधा ॲक्रिलिकची असते. ती पेट्रोलने किंवा स्पिरिटने पुसू नये. घडवताना आत राहिलेला ताण आणि हे द्रव एकत्र आले की केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. झटपट गोंदाच्या वाफेनेही भोवती पांढुरकी साय धरते.

स्टिअरिंगच्या चाकाची गोष्ट वेगळी. जुन्या गाड्यांत पोलादी कडीवर कडक प्लॅस्टिक ओतलेले असे. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर धरला तर परीघ होतो सुमारे १२६ सेंटिमीटर. तापमान ४० अंशांनी उतरले की पोलाद परिघावर ०.६ मिलिमीटर आकसते, तर असे प्लॅस्टिक सुमारे ३.५ मिलिमीटर आकसू पाहते. आतली कडी त्याला आकसू देत नाही, म्हणून चाकावर आडव्या भेगा पडतात. त्या एपॉक्सीने भरून घासता येतात, पण आधी आतली कडी शाबूत असल्याची खात्री करावी. ती गंजली किंवा वाकली असेल तर ते चाक भिंतीवर टांगावे, गाडीला लावू नये.

एबीएसची जोडणी वरून तासाभरात वाळल्यासारखी वाटते, पण आतले ॲसिटोन निघायला काही दिवस लागतात आणि तोवर भरलेला भाग किंचित खाली बसत राहतो. घाईने घासून रंग दिला तर आठवड्याने तेथे खळगा दिसतो. आठवडाभर थांबावे, लागल्यास आणखी एक हात खीर भरावी, आणि मग काचकागद घ्यावा.