औषधशास्त्रज्ञ, भाषातज्ज्ञ आणि एक मुलगी: स्वार्थमोरचे पहिले अध्यक्ष

पेनसिल्व्हेनियातलं स्वार्थमोर कॉलेज १८६४ मध्ये क्वेकर मंडळींनी स्थापन केलं आणि १८६९ मध्ये तिथे वर्ग सुरू झाले. मुलगे आणि मुली पहिल्या दिवसापासून एकत्र. उद्घाटनाला गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या ल्युक्रेशिया मॉट आल्या होत्या. त्यांनी आवारात ओकची रोपं लावली.

पहिले अध्यक्ष एडवर्ड पॅरिश पेशाने औषधशास्त्रज्ञ. औषधं तयार करण्यावर त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. १८७१ मध्ये त्यांनी कॉलेज सोडलं आणि पुढे मूळनिवासी जमातींशी शांततेची बोलणी करायला ते पश्चिमेला गेले. १८७२ मध्ये तिकडेच फोर्ट सिलला त्यांचं निधन झालं. आजचा पॅरिश हॉल त्यांच्याच नावाचा.

पण माझं मन रमतं ते दुसऱ्या अध्यक्षांपाशी, एडवर्ड मॅगिल यांच्यापाशी. लॅटिन-फ्रेंचचे जाणकार आणि सहशिक्षणाचे खंदे पुरस्कर्ते. बॉस्टनच्या लॅटिन स्कूलमध्ये शिकवत असताना त्यांनी आपल्या मुलीला, हेलनला, तिथेच शिकवलं. सगळ्या मुलग्यांत ती एकटी मुलगी! १८७३ मध्ये स्वार्थमोरची पहिली तुकडी पदवीधर झाली. तुकडीत पाच मुली, एक मुलगा. त्या पाचांत हेलन होती. १८७७ मध्ये बॉस्टन विद्यापीठातून ग्रीक विषयात पीएचडी मिळवून ती ही पदवी घेणारी अमेरिकेतली पहिली महिला ठरली.

१८८१ च्या सप्टेंबरमध्ये आगीने मुख्य इमारत आतून खाक केली. नुसत्या दगडी भिंती उरल्या. मॅगिल खचले नाहीत. वर्षभरात इमारत पुन्हा उभी राहिली आणि ते १८८९ पर्यंत अध्यक्ष राहिले.