समुद्री प्रवाळ टाकीसाठी एलईडी दिवा कसा निवडावा?

शोभिवंत मत्स्यपालन करणारे अनेक जण गोड्या पाण्याच्या टाकीवर हात बसल्यावर खाऱ्या पाण्याकडे वळतात. प्रवाळ, समुद्रफूल आणि क्लाउनफिश असलेल्या टाकीत पाणी, मीठ, फिल्टर यांची माहिती विचारून घेतली जाते. दिवा मात्र दुकानातली निळी झगमग आणि पेटीवरचा वॉटचा आकडा बघून उचलला जातो. या दोन्ही गोष्टींवरून दिव्याची पात्रता कळत नाही. पॉलिहाउससाठी शेडनेटचा टक्का ठरवताना आपण पानापर्यंत किती प्रकाश पोहोचतो ते पाहतो. इथेही तेच पाहावे.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ राहते. हे शेवाळ प्रकाशसंश्लेषण करून तयार झालेले अन्न यजमानाला देते. उथळ पाण्यातील काही जातींच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत वाटा या शेवाळाकडून येतो. म्हणजे दिवा घेताना तुम्ही एका अर्थाने पिकासाठीच प्रकाश घेत आहात.

आधी टाकीत काय ठेवणार ते ठरवावे

फक्त क्लाउनफिश ठेवायचे असतील तर महागडा दिवा घेऊ नये. समुद्रफुलाशिवाय क्लाउनफिश टाकीत उत्तम राहतो, अंडीही घालतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे आणि त्यात प्रवाळाची गरज नाही. अशा टाकीला मासे नीट दिसतील इतका १०-१५ वॉटचा साधा पांढरा दिवा पुरतो, मात्र तो रोज ठरलेल्या वेळी लागला आणि विझला पाहिजे. पूरक व्यवसाय म्हणून विचार करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. प्रवाळाचा दिवा माशांच्या टाकीवर लावला तर काचेवर शेवाळ वाढते आणि रोज घासत बसावे लागते.

दुसरा मुद्दा कायद्याचा. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे संरक्षित आहेत. ते समुद्रातून काढणे किंवा विकणे गुन्हा आहे. समुद्रघोड्यांनाही हाच कायदा लागू होतो. दुकानात मिळते म्हणून ते कायदेशीर असते, असे समजू नये. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत. तिथून एक तुकडाही उचलू नये. मऊ प्रवाळ, मशरूम प्रवाळ किंवा समुद्रफूल घेताना विक्रेत्याकडे ते कुठून आणले याची पावती व कागदपत्रे मागावीत. शंका असल्यास वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे विचारणा करावी. परदेशात राहणारे आपले नातेवाईक टाकीत वाढवलेल्या दगडी प्रवाळाचे फोटो पाठवतात, आणि मग तसेच इथे हवे असे वाटते. तिथले नियम वेगळे आहेत. त्यांच्या टाकीवरचा दिवाही तुमच्या टाकीला लागेलच असे नाही.

वॉट आणि लक्स नको, मायक्रोमोल पाहा

शेवाळाला उपयोगी पडणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्याला पीएआर म्हणतात आणि तो मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात मोजतात. स्वच्छ आकाश असताना भर दुपारच्या उन्हात हा आकडा साधारण २,००० असतो. टाकीत एवढा प्रकाश अजिबात लागत नाही. मशरूम आणि बहुतेक मऊ प्रवाळांना ५० ते १०० मायक्रोमोल पुरतात. समुद्रफुलाला जातीनुसार १५० ते २५० लागतात. २०० ते ३५० ची मागणी फांद्यांसारख्या वाढणाऱ्या दगडी प्रवाळांची असते, आणि ते तर आपल्याला ठेवायचेच नाहीत. त्यामुळे जाहिरातीत 'सर्व प्रकारच्या प्रवाळांसाठी' असे लिहिलेला सर्वांत मोठा दिवा इथल्या घरगुती टाकीला जास्तच होतो.

लक्समीटरने हे मोजता येत नाही, मोबाइलच्या अॅपने तर नाहीच. लक्स हे माणसाच्या डोळ्याला काय दिसते याचे माप आहे. डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला जास्त आणि निळ्याला खूप कमी प्रतिसाद देतो. निळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा छोटा येतो आणि प्रकाश कमी आहे असे वाटून माणूस दिवा वाढवत जातो. प्रवाळ मात्र तोपर्यंत भाजलेले असते. पीएआर मीटर महाग आहे. एका टाकीसाठी तो विकत घेण्याचा सल्ला मी देणार नाही. दोन-तीन टाकीवाल्यांनी मिळून भाड्याने आणावा, किंवा पॉलिहाउसवर काम करणाऱ्या महाविद्यालयाकडे असल्यास विनंती करावी. त्याचा सेन्सर पाण्यात चालणारा आहे ना, एवढे आधी विचारून घ्यावे. विस्तार कार्यकर्त्यांना तर हे मीटर हरितगृहातही कामाला येईल.

मीटर नसेल तर अंदाज असा काढावा. समजा टाकी ६० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर झाले. समुद्रफुलासाठी १५० मायक्रोमोल हवे असतील तर ०.२७ गुणिले १५०, म्हणजे सुमारे ४० मायक्रोमोल प्रति सेकंद एवढा प्रकाश आत पोहोचला पाहिजे. काचेबाहेर सांडणारा, पृष्ठभागावरून परतणारा आणि पाण्यात शोषला जाणारा प्रकाश धरता निम्मा वाया जातो असे समजावे. मग दिव्यातून ८० निघाले पाहिजेत. चांगला एलईडी दर वॉटमागे साधारण २ मायक्रोमोल देतो. म्हणजे प्रत्यक्ष ४० वॉट खेचणारा दिवा पुरला. फक्त मशरूम प्रवाळ असेल तर २० वॉटमध्ये भागते.

इथे 'प्रत्यक्ष' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वस्त दिव्यांच्या पेटीवर जो वॉट छापलेला असतो, तो अनेकदा आतल्या सगळ्या एलईडींच्या कमाल क्षमतेची बेरीज असते. प्लगमध्ये लावायचे छोटे वीजमापक घेऊन दिवा खरोखर किती वॉट घेतो ते दुकानातच पाहावे. प्रति वॉट किती मायक्रोमोल आणि किती अंतरावर किती पीएआर, हा तक्ता जो उत्पादक देत नाही त्याचा दिवा मी तरी टाळेन.

रंग कोणता?

समुद्रात वरच्या काही मीटरमध्येच लाल प्रकाश शोषला जातो. निळा सर्वांत खोल जातो. प्रवाळातील शेवाळ या निळ्यालाच सरावलेले आहे. ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातून ते सर्वाधिक प्रकाश घेते. म्हणून दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे रॉयल ब्लू एलईडी मुख्य असावेत आणि सोबत थोडा थंड पांढरा असावा. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावर फॉस्फरचा लेप दिलेला असतो. त्यामुळे ६,५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखालीही मऊ प्रवाळ जगते. फक्त रंग फिके दिसतात.

भाजीपाल्याच्या किंवा ऊतिसंवर्धनाच्या खोलीतला जांभळट, लाल जास्त असलेला दिवा घरात पडून आहे म्हणून टाकीवर लावू नये. त्यातला लाल प्रकाश प्रवाळापेक्षा नको असलेल्या शेवाळालाच जास्त फायद्याचा ठरतो. उलट बाजूने, फक्त निळा ठेवल्यास टाकी सुंदर चमकते, पण प्रवाळ पांढरे पडू लागले तरी डोळ्याला कळत नाही. रोज थोडा वेळ पांढरा दिवा लावून तब्येत पाहावी. निळ्या एलईडीकडे थेट पाहू नये आणि लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर तो येणार नाही अशी मांडणी करावी.

दिव्याची भिंगे अरुंद कोनाची असतील तर प्रकाश खोल जातो, पण मधोमध तीव्र ठिपका पडतो आणि कोपरे अंधारात राहतात. दीड फुटापर्यंत खोल टाकीला रुंद कोन चांगला. दिवा पाण्यापासून २०-२५ सेंमी उंच टांगावा. तीव्रता कमी-जास्त करण्याची सोय नसलेला दिवा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. याचे कारण पुढे येते.

किती तास, आणि सुरुवात कशी

पूर्ण तीव्रतेचा प्रकाश दिवसाला ८ ते ९ तास पुरतो. ७५ मायक्रोमोल ९ तास दिले तर दिवसाची बेरीज सुमारे २.४ मोल होते. पॉलिहाउसमधल्या लेट्यूसला रोज साधारण १२ ते १७ मोल लागतात. यावरून मऊ प्रवाळाची भूक किती लहान आहे ते लक्षात येईल. टाकी नवीन असताना, नत्रचक्र बसेपर्यंत, दिवा बंदच ठेवावा. त्या काळात दिला तेवढा प्रकाश काचेवरच्या तपकिरी थराच्या पोटात जातो.

रोपवाटिकेतले रोप एकदम उन्हात ठेवले तर पाने करपतात, म्हणून आपण त्याला हळूहळू कडक करतो. प्रवाळाचेही तसेच आहे. नवा दिवा २० ते ३० टक्के तीव्रतेवर सुरू करावा आणि दर आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढवत न्यावा. घाई केल्यास प्रवाळ आपल्यातले शेवाळ बाहेर टाकते आणि पांढरे पडते. ते लगेच मरत नाही, पण उपाशी असते. अशा वेळी तीव्रता निम्म्यावर आणावी आणि तापमान तपासावे, कारण पाणी जास्त तापले तरी हेच लक्षण दिसते. याउलट प्रकाश कमी पडत असेल तर प्रवाळ गडद तपकिरी होते आणि मशरूम प्रवाळ देठ लांबवून वर उचलले जाते, सावलीतल्या रोपासारखे. त्याच दिवशी दिवा वाढवण्याची गरज नाही. प्रवाळाची जागा थोडी वर करून दोन आठवडे वाट पाहावी.

वीज, उष्णता आणि मीठ

४० वॉटचा दिवा ९ तास चालला तर महिन्याला ११ युनिटच्या आत वीज लागते. खरा खर्च पाणी थंड ठेवण्याचा आहे. पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे लागते, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे चिलरशिवाय जमत नाही. १५० वॉटचा चिलर दिवसाला १० तास चालला तरी महिन्याला ४५ युनिट झाली. टायमर लावून टाकीचा दिवस दुपारी ३ ते रात्री १२ असा सरकवावा. भर दुपारची उष्णता आणि दिव्याची उष्णता तेवढीच कमी वेळ एकत्र येतात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर टाकी पाहायलाही मिळते.

भारनियमनात दिवा गेला म्हणून घाबरू नये. एक-दोन दिवस अंधार प्रवाळ सहन करते. हवा आणि पाण्याचा प्रवाह थांबला तर मात्र काही तासांतच मासे मरू लागतात. इन्व्हर्टरची ताकद दिव्यावर न घालवता हवेच्या पंपावर ठेवावी. ग्रामीण भागात दाब वर-खाली होतो, म्हणून दिव्याचा ड्रायव्हर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा घ्यावा. मिठाचे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकते.

उडालेल्या तुषारांचे मीठ दिव्याच्या काचेवर, भिंगांवर आणि पंख्यावर साचते. दर आठवड्याला दिवा बंद करून, गार झाल्यावर, गोड्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसावे. दोन-तीन महिने पुसायचे राहिले असेल तर पुसल्याच्या दिवशी तीव्रता १० टक्क्यांनी उतरवून ठेवावी, कारण स्वच्छ काचेतून जाणारा प्रकाश प्रवाळाला नव्या दिव्याइतकाच अनोळखी असतो.