ई-क्लासचं गवत

पावसाळ्यात माळावर ताज्या शेणाचा पो पडला की त्याच्याशेजारी थोडा वेळ बसून पाहावं. काही मिनिटांतच शेणकिडे येतात. काही थेट आत शिरतात, काही पोच्या खाली बोगदा खणून शेण मातीत ओढून नेतात, आणि काही त्याची गोळी करून मागच्या पायांनी ढकलत दूर नेऊन पुरतात. त्या पुरलेल्या शेणात मादी अंडं घालते, अळी तेच खाऊन वाढते. चार दिवसांनी त्या जागी वाळकी साल तेवढी उरते. त्या शेणात गुरांना चावणाऱ्या माशांची पैदास झाली असती, ती टळते. खत गवताच्या मुळाशी पोचतं, आणि किड्यांनी पाडलेल्या भोकांतून पुढच्या सरीचं पाणी जमिनीत उतरतं.

मी गुरांच्या दवाखान्यातला माणूस. कारंजा आणि मानोरा तालुक्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, त्यामुळे वाघ-बिबट्यांपेक्षा शेण, गोचीड आणि गवत यांच्याशीच माझा संबंध जास्त आला. जैवविविधता म्हटलं की लोक मेळघाट आणि ताडोबाबद्दल बोलू लागतात. वाशीम जिल्ह्यात तसं दाट जंगल थोडंच. आमच्याकडे आहे तो माळ: मुरमाड बरड, त्यावर गवत, आणि मधूनच एखादा हिवर, बोर, पळस. वऱ्हाडात गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन असते, तिला सगळे ई-क्लास म्हणतात. कारंज्याजवळ सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. ते २००० साली जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र १८.३२ चौरस किलोमीटर आहे. हरणांचे कळप एवढ्यात मावत नाहीत; ते भोवतालच्या ई-क्लासवर, वावरांत, धुऱ्यांवर फिरतात. म्हणून आमच्या भागातली जैवविविधता राखायची तर आधी ई-क्लासचं गवत राखलं पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे.

लांबून गवत सगळं एकसारखं दिसतं, पण आखरावरून गुरं घेऊन निघणाऱ्या जुन्या गायक्याला त्यातला फरक नेमका ठाऊक असतो. पवना आणि मारवेल ही गुरांच्या आवडीची बारमाही गवतं. माळाला विश्रांती न देता चराई चालू राहिली की गुरं हीच आधी खाऊन संपवतात आणि त्यांच्या जागी कुसळी पसरते. तिच्याही पलीकडे ताण गेला की एका पावसात उगवून वाळणारं हलकं गवत येतं, आणि शेवटी तरोटा आणि गाजरगवत, ज्यांना जनावर तोंड लावत नाही. मानोऱ्याकडचे एक म्हातारे गायकी मला सांगायचे, "डाक्टर साहेब, कुसळीच कुसळी दिसाले लागली का समजा, माळ दमला." वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हाच क्रम दिला आहे.

आणि कुसळीसुद्धा काय चीज आहे! तिच्या बियाला लांब केस असतो. ओल लागली की तो पीळ सोडतो, वाळला की पुन्हा पीळ घेतो, आणि या फिरण्यात टोकदार बी मातीत रुतत जातं. त्याआधी ते हरणाच्या, मेंढीच्या अंगाला, माणसाच्या धोतराला चिकटून कोसभर प्रवास करून आलेलं असतं. मेंढ्यांच्या कातड्यात घुसलेली कुसळं काढण्यात माझे हिवाळे गेले. उपद्रवच तो. पण उघड्या पडलेल्या मुरमावर पहिल्यांदा मूळ धरून माती थांबवते ती बहुधा हीच, हेही मी पाहिलं आहे.

हरीण आणि गवत यांचं नातं एकाच बाजूचं नाही. काळवीट नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्या टाकतो, आणि त्या ढिगांच्या आसपास पावसात गवत हिरवंगार उठतं. मोठ्या हरणांना मोकळी, खुरट्या गवताची जागा हवी असते, म्हणजे लांबून येणारा लांडगा दिसतो आणि पळता येतं. पण पाडस जन्मल्यानंतर पहिले काही दिवस आईमागे धावत नाही, ते उंच गवतात निपचित पडून राहतं. म्हणजे एकाच कळपाला एकाच माळावर दोन तऱ्हेचं गवत लागतं. सगळा माळ कापून काढला तर पाडस उघड्यावर पडतं. सगळाच उंच वाढू दिला तर मोठी हरणं तिथून निघून जातात. थोडं चरलेलं, थोडं राखलेलं, थोडं कापलेलं असा ठिगळांचा माळ त्यांना मानवतो. पूर्वी गायकी आज या अंगाला, आठवड्याने त्या अंगाला गुरं न्यायचे, त्यातून असा माळ आपोआप घडत होता.

काळविटाचा वेगही दुसऱ्या एका प्राण्याने घडवला आहे. तासाला ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळण्याची गरज लांडग्यामुळे पडत नाही. ती चित्त्यामुळे पडली. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. शिकारी गेला, पण हजारो पिढ्या त्याने पाठीमागे धावून कमावून दिलेले पाय सोहोळच्या हरणाकडे आजही आहेत.

या गवतातला सर्वांत नाजूक पाहुणा म्हणजे तणमोर. कोंबडीएवढा पक्षी, माळढोकाच्या कुळातला. पाऊस सुरू झाला की विणीसाठी येतो. नराचं डोकं, मान आणि पोट काळं, कानामागून निघालेली लांब वळणदार पिसं. गवतात तो दिसत नाही, म्हणून मादीला दिसावा यासाठी जागच्या जागी उभी उडी मारतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात गडप होतो. अशा शेकडो उड्या तो एका दिवसात मारतो. त्याला गुडघा-मांडीएवढं गवत लागतं, नाकतोडे आणि भुंगेरे लागतात, आणि अंडी जमिनीवर असल्यामुळे ती उबवून होईपर्यंत तिथे शांतता लागते. यातलं एक जरी नसलं तरी तो थांबत नाही. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत त्याच्या नोंदी आहेत, पक्षीअभ्यासक डॉ. राजू कसंबे यांनी महाराष्ट्रातल्या तणमोराची पाहणी केली होती. २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, त्याला अतिसंकटग्रस्त वर्गात टाकलं. त्याचा मोठा भाऊबंद माळढोक तर आता सगळ्या देशात दीडशेच्या आसपास उरला आहे.

तणमोर भुंगेरे खातो, भुंगेरे शेणावर जगतात, आणि शेण माझ्या दवाखान्यात सुई घेऊन गेलेल्या जनावराचं असतं. गोचीड आणि जंतांवर आयव्हरमेक्टिन नावाचं फार चांगलं औषध आहे. पण त्याचा बराचसा भाग पुढचे कित्येक दिवस शेणावाटे बाहेर पडतो आणि त्या शेणातल्या किड्यांच्या अळ्या मरतात. म्हणून माझं पशुपालकांना सांगणं असतं: गरज असलेल्या जनावरालाच टोचा, ऐन पावसाळ्यात सगळ्या कळपाला सरसकट नको, आणि टोचल्यावर काही दिवस जनावर गोठ्यात बांधून त्याचं शेण उकिरड्यावर टाका.

औषधाची साखळी कुठवर जाते हे गिधाडांनी दाखवून दिलं. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं स्वस्त औषध, नव्वदच्या दशकात गुरांना सर्रास दिलं जाऊ लागलं. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांच्या मूत्रपिंडांचं काम बंद पडायचं. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडं देशभरात शंभरातली पंचाण्णवाहून जास्त नाहीशी झाली. कारण सापडलं २००४ साली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर गावाबाहेरच्या मेलेल्या ढोरांवर मोकाट कुत्र्यांचं राज्य झालं होतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडं गेल्यामुळे पसरलेल्या रोगराईने २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा माणसं दगावली. आज माळावर हरणाची पाडसं फाडणारे कुत्रे पाहिले की मला तो आकडा आठवतो. वेदनेवर मेलॉक्सिकॅम आहे, तेही स्वस्त आहे आणि गिधाडांना बाधत नाही. तेच मागा.

या सगळ्या जीवांना पुस्तकाशिवाय ओळखणारी माणसं आमच्याकडे आहेत: फासेपारधी. तित्तर, लावा, हरीण फाशात धरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, संशय मात्र गावोगावी अजून शिल्लक आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही थांबली आणि बदल्यात पोटाला फारसं काही मिळालं नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी लिहून ठेवलं आहे, की गाभण हरणी किंवा पाडस फाशात आलं तर फासेपारधी ते सोडून देत. उद्या काय धरायचं याची ती काळजी होती. अकोला-वाशीम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांची 'संवेदना' ही संस्था अनेक वर्षं याच समाजाबरोबर गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचं काम करते आहे. ज्याला नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखता येतो, त्याच्याकडून मोजणी आणि राखण करून घेणं आणि त्याचा मोबदला देणं, यापेक्षा शहाणपणाचा मार्ग मला तरी दिसत नाही.

माळाचं नुकसान कोण करतं, हे आता सांगायला हवं. पहिलं अतिक्रमण. ई-क्लासवर नांगर फिरला की बारमाही गवताची मुळं उपटली जातात, आणि ती पुन्हा बसायला फार वर्षं लागतात. दुसरं आहे झाडं लावणं, आणि हे ऐकून माणसं माझ्यावर रागावतात. महाराष्ट्रात २०१६ पासून मोठमोठ्या वृक्षलागवड मोहिमा झाल्या, एकट्या २०१९ सालचं लक्ष्य ३३ कोटींचं होतं. हेतू चांगलाच होता. पण मोकळी जागा म्हटलं की नजर माळाकडे जाते. तिथे चर खणतात, गिरीपुष्प आणि सुबाभूळ लावतात. सावलीखाली माळाचं गवत मरतं. उंच झाडांवर कावळे बसतात, तिथून त्यांना जमिनीवरची अंडी दिसतात. काळवीट आडोशाला घाबरून जागा सोडतं. गवताचा मोठा भाग जमिनीखाली मुळांच्या रूपात असतो, आणि कार्बन तिथेच साठून राहतो. वणवा लागला तरी तो हवेत जात नाही. झाडं लावावीत गावठाणात, शाळेत, रस्त्याच्या कडेला, नाल्याकाठी, उजाड झालेल्या जंगलात. माळ माळच राहू द्यावा.

तिसरा समृद्धी महामार्ग. तो काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या दोन्ही अभयारण्यांच्या परिसरातून गेला. प्राण्यांसाठी त्याच्यावरून आणि खालून वाटा ठेवल्या आहेत, ही चांगली गोष्ट. त्या वाटांच्या तोंडाशी शेतीचं कुंपण किंवा ढाबा आला तर त्यांचा उपयोग राहणार नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या जमिनीवर लक्ष ठेवावं लागेल.

आता शेतकऱ्याचं. कोवळं सोयाबीन हरणांनी एका रात्रीत खुडून नेलं, तुरीत रोही शिरले, रानडुकरांनी उरलेलं उकरलं, की ज्याच्या वावरात हे घडतं त्याच्यापुढे जैवविविधतेचं भाषण करायला तोंड उघडत नाही. माळावर गवत वाढलं तर हा त्रास थोडा कमी होईल, बंद होणार नाही. सोयाबीनचा कोंब हरणाला आवडणारच. पूर्वी ज्वारी होती, कडबा होता, जागलीला माणसं होती. हरणं साऱ्या राज्याची असतील, तर त्यांना पोसण्याचा खर्च सोहोळच्या आसपासच्या चार गावांनीच का उचलायचा? पंचनामा लगेच व्हावा, भरपाई त्याच हंगामात हाती पडावी, सामूहिक कुंपणाला आणि रात्रीच्या जागलीला पैसा मिळावा. एवढं झालं तर आमचा शेतकरी हरणाचा वैरी नाही. माळावरचं मलूल पाडस उचलून दवाखान्यात घेऊन येणारा बहुतेक वेळा शेतकरीच असायचा.

गावाच्या हातात काय आहे? बरंच आहे. ई-क्लासचे तीन तुकडे करावेत आणि दरवर्षी एक तुकडा पावसाळाभर चराईला बंद ठेवावा. गवताची कापणी बी पडून गेल्यावर करावी आणि कापताना पट्टे सोडावेत, कारण हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी रात्री उंच गवतात जमिनीवरच झोपतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती नोंदवही मागा आणि गवताचं पान उघडून बघा. तिथे नुसतं 'गवत' एवढंच लिहिलेलं असेल, तर गावातल्या एका म्हाताऱ्या गायक्याला आणि पारधी बेड्यावरच्या एखाद्या आजीला बोलावून, माळावर सोबत फिरून, एकेक नाव लिहून घ्या: पवना, मारवेल, कुसळी, तिखाडी, कुठे उगवतं, कोण खातं, आणि मागच्या वीस वर्षांत वाढलं की घटलं.