एक ऑगस्टच्या तीन ओळी

दैनिकाच्या पान दोनवर, पंचांगाच्या खाली आणि बाजारभावाच्या वर, दिनविशेषाची जागा असते. ती किती, हे संध्याकाळपर्यंत ठरत नाही. निविदेची जाहिरात उशिरा आली तर सहा ओळी, नाही आली तर पंधरा. पान लावणारा मुलगा विचारतो, ‘‘सर, खालून किती कापू?’’ मी त्याला दर वेळी सांगतो, खालून कापू नकोस, आधी मला विचार. बातमीत महत्त्वाचे वर असते, शेवटचा परिच्छेद गेला तरी बातमी उभी राहते. दिनविशेषात आधी घटना, मग जन्म, मग निधन, आणि प्रत्येकात जुन्या सालाकडून नव्याकडे असा क्रम असतो. म्हणजे सगळ्यात खाली अगदी अलीकडे गेलेली माणसे येतात. खालून कापले की ज्यांना आपण पाहिले, ज्यांची भाषणे ऐकली, तीच माणसे आधी पानाबाहेर जातात.

नव्याने रुजू झालेल्या उपसंपादकाकडे पहिल्यांदा हेच सदर सोपवतात. यात चुकण्यासारखे काही नाही, असा समज आहे. मला तो पटत नाही. अग्रलेखातल्या चुकीवर वाचक पत्र लिहितो, वाद घालतो. दिनविशेषातली चूक वाद न घालता उचलली जाते. सकाळी शाळेच्या परिपाठात एखादी मुलगी ती वाचून दाखवते, ती फळ्यावर जाते, ग्रामपंचायतीत प्रतिमेला हार घालताना कोणी तिच्या आधारे चार वाक्ये बोलतो. पुढच्या वर्षी त्याच कार्यक्रमाची बातमी आमच्याकडे येते आणि तीच तारीख पुरावा म्हणून पुढे केली जाते. म्हणून माझ्या लेखी हे पानावरचे सगळ्यांत जबाबदारीचे काम आहे.

डेस्कवर एक जाड वही आहे. दर दिवसाला एक पान, अशी ३६६ पाने. २९ फेब्रुवारीच्या पानावर मोरारजी देसाई (१८९६) ठळक अक्षरात आहेत. वहीत तीन-चार पिढ्यांची हस्ताक्षरे सापडतात. काही नोंदींच्या बाजूला आधार लिहिलेला आहे: ‘चित्राव’ म्हणजे सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा चरित्रकोश, ‘विको’ म्हणजे मराठी विश्वकोश. ज्या नोंदीपुढे काहीच नाही तिला मी पडताळल्याशिवाय हात लावत नाही. ६ जानेवारीचे पान उघडले की बाळशास्त्री जांभेकरांचे नाव दोनदा दिसते. ‘दर्पण’चा पहिला अंक १८३२ मध्ये त्या दिवशी निघाला, म्हणून तो पत्रकार दिन. पण त्यांचा जन्मही कुठे ६ जानेवारीला, तर कुठे २० फेब्रुवारीला छापला जातो. गाजलेली तारीख आसपासच्या तारखा स्वतःकडे ओढून घेते, हे या कामात वारंवार दिसते. मी ६ जानेवारीला ‘दर्पण’ घेतो आणि जन्माची ओळ सोडतो. अंकावरच्या तारखेबद्दल कोणाचे दुमत नाही.

जुन्या तारखांची अडचण निराळी आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजयंतीची तारीख पाठ नसलेला माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. मूळ नोंद मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. जेधे शकावलीत ती मिळाली आणि वैशाख, शके १५४९ या आधीच्या समजुतीला धक्का बसला. शकाची तिथी इंग्रजी तारखेत बसवायला जंत्री लागते: खरे जंत्री, मोडक जंत्री. तिथे दुसरा प्रश्न उभा राहतो. कोणती इंग्रजी तारीख? युरोपात तेव्हा दोन दिनदर्शिका चालू होत्या. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच नवी, ग्रेगोरियन दिनदर्शिका घेतली होती. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवर होते. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४. गोव्यातल्या पोर्तुगीज कारकुनाने तोच दिवस १६ जून लिहिला असता. आपण इतिहासात रूढ झालेली जुनी गणना पाळतो. त्या गणनेतली १९ फेब्रुवारी नव्या दिनदर्शिकेत १ मार्च होते. त्यात भर म्हणजे इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचे, त्यामुळे त्या फेब्रुवारीतल्या त्यांच्या कागदांवर साल १६२९ असते.

हे सगळे पंधरा ओळींत सांगता येत नाही आणि सांगूही नये. पण ओळ लिहिणाऱ्याला ते ठाऊक असले पाहिजे. नाहीतर २३ एप्रिलला शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस ‘एकाच दिवशी’ गेले, असे तो बिनदिक्कत लिहील. दोघांच्या नावापुढे १६१६ ची तीच तारीख लागते, पण इंग्लंडची २३ एप्रिल स्पेनमध्ये ३ मे होती. पानिपतचेही तसेच. १४ जानेवारी १७६१ ही तारीख पक्की आहे, आणि तिच्यावरून ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’ हे शब्द दर वर्षी कोणीतरी जोडून पाठवतो. संक्रांत शतकागणिक पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षे आधीची संक्रांत १४ तारखेला असणार नाही. मी ते शब्द काढतो. माणसांना हळहळ वाटते, कारण संक्रांत कोसळली हे वाक्य फार नेमके बसते. पण मराठी फौजेवर त्या दिवशी जे गुदरले ते सांगायला सणाचा आधार लागत नाही.

१ जूनचे पान माझे आवडते आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी, १९३० मध्ये डेक्कन क्वीनची पहिली फेरी, १९४८ मध्ये पुणे ते नगर धावलेली पहिली एसटी. एका दिवसाने महाराष्ट्राला सिनेमा दिला आणि दोन वाहने दिली. याच दिवशी जाहिरात विभागाकडे वाढदिवसांच्या शुभेच्छांचा ढीग येतो. गावोगावी शाळेत नाव घालताना पोराची तारीख आईबापांना सांगता येत नसे. पाऊस किती झाला होता, कोणाच्या लग्नाच्या आधी की नंतर, एवढेच ते सांगत. गुरुजी वयाचा अंदाज बांधून १ जून लिहीत. त्या एका सहीने लाखो माणसांचा जन्म एकाच दिवसावर आला. अशा नोंदीपुढे मी वहीत ‘शाळा’ असे लिहून ठेवतो. ती खोटी नाही. त्या माणसाच्या आयुष्यात तारखेला पहिल्यांदा किंमत आली तो दिवस ती सांगते.

आणि ज्यांना गुरुजीही भेटले नाहीत, त्यांचे काय? दिनविशेषात यायला तारीख लागते. तारीख त्यांचीच असते ज्यांच्या घरी कोणीतरी लिहिणारा होता. म्हणून वहीची जुनी पाने राजे, सरदार, शास्त्री आणि साहेबांनी भरली आहेत. बायका विरळ आहेत. यावर मला सापडलेला मार्ग साधा आहे. जन्म ठाऊक नसेल तर काम कधी छापले गेले ते पाहायचे. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मातंग मुलीची जन्मतारीख आमच्या वहीत नाही. पण मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ने १५ फेब्रुवारी १८५५ रोजी छापायला घेतला. त्यामुळे १५ फेब्रुवारीच्या पानावर, घटनांच्या रकान्यात, तिला हक्काची जागा आहे, आणि जाहिरात कितीही मोठी येवो, ती ओळ मी सोडत नाही.

आवृत्तीनुसार क्रमही बदलतो. १८ जूनला महाराष्ट्रात ग्वाल्हेरजवळ पडलेल्या राणी लक्ष्मीबाई वर येतात. ती १७ जून की १८, हा वाद तिथेही आहेच. गोव्यातल्या वाचकासाठी त्या दिवशी पहिली ओळ १९४६ ची, मडगावातल्या राममनोहर लोहियांच्या सभेची.

आता १ ऑगस्ट. त्या दिवसाचे मॅटर मी आदल्या आठवड्यात काढतो, कारण फोन आधीच सुरू होतात. तहसील कचेरीतून महसूल दिनाची आठवण येते. शाळेतल्या बाई विचारतात, लोकमान्यांबद्दल काही वेगळे मिळेल का, आणि त्याच दमात, अण्णाभाऊंचा फोटो आहे का. त्या दिवशी गावोगावच्या शाळांत एका टेबलावर दोन प्रतिमा असतात, एक पुण्यतिथीची, एक जयंतीची. मुले दोघांवर भाषणे पाठ करून येतात. दोन्ही भाषणांत १९२० येते, पण ते एकच वर्ष, एकच दिवस आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते. याचा दोष मुलांकडे जात नाही. आमच्या सदराच्या ठेवणीत तो आहे. असहकार चळवळीचा प्रारंभ ‘घटना’ या रकान्यात, अण्णाभाऊ साठे ‘जन्म’मध्ये, टिळक ‘निधन’मध्ये. मध्ये १८३४ मधली ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरीबंदी, १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक, मीनाकुमारी आणि नीरद चौधुरी. एका दिवसाचे तीन तुकडे तीन ठिकाणी जातात.

ते जोडून पाहावेत. मध्यरात्र उलटून गेल्यावर, साधारण बारा चाळीसला, मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. घड्याळाने ती १ ऑगस्ट. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून तिथीने पाहणारा ती रात्र आदल्या दिवसात धरतो. बाहेर रस्ते माणसांनी भरले. भर पावसात, बसलेल्या स्थितीत त्यांना गिरगाव चौपाटीवर नेले. अंत्ययात्रेत गांधीजी होते. असहकाराचा दिवस आधीच ठरलेला होता, तो पुढे ढकलला नाही. त्याच तारखेच्या पत्राने त्यांनी कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉय चेम्सफर्डला परत केले. आणि वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात, तुकाराम भाऊराव साठे जन्मला. चौपाटीवरच्या गर्दीची बातमी देशभरच्या पत्रांनी छापली. वाटेगावच्या त्या घरात त्या दिवशी वर्तमानपत्र आले असण्याची शक्यताच नाही. हाच मुलगा पुढे घरच्यांबरोबर पायी मुंबईला गेला, गिरणीत राबला, लाल बावटा कलापथकातून गायला आणि १९५९ मध्ये ‘फकिरा’ देऊन गेला. शाळेच्या नावाने त्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच आले नव्हते.

२०२० मध्ये एकाची पुण्यतिथी आणि दुसऱ्याची जयंती, दोन्ही शंभर वर्षांच्या झाल्या. टाळेबंदीचे दिवस होते, शाळा बंद, मिरवणुका नाहीत, टेबलावर प्रतिमा नाहीत. कार्यक्रमांच्या बातम्या नसल्यामुळे पान दोन मोकळे होते. तेव्हा पहिल्यांदा मी रकाने मोडले. वर ‘१ ऑगस्ट १९२०’ एवढेच शीर्षक दिले आणि त्याखाली मुंबई, असहकार आणि वाटेगाव सलग लिहिले. विशेषणे घातली नाहीत. ‘थोर’ आणि ‘महान’ या शब्दांनी जेवढी जागा जाते तेवढ्यात गावाचे नाव बसते. उरलेले सगळे ‘याच दिवशी’ म्हणून खाली. तेव्हापासून १ ऑगस्टला हीच मांडणी ठेवली आहे. जागा सहाच ओळींची मिळाली तर बर्लिन, मीनाकुमारी आणि मला फार प्रिय असलेले नीरदबाबू बाहेर जातात, पण त्या तीन ओळी एकाखाली एक राहतात.

ते मॅटर सोडले की लगेच पुढचे पान उघडावे लागते. २ ऑगस्ट: १८६१ मध्ये प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्म, १९५४ मध्ये सिल्वासा मुक्त झाले. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, राजा वाकणकर होते. फडक्यांचे नाव आमच्या वहीत जन्माच्या आणि निधनाच्या पानांवर आहे, गायक-संगीतकार म्हणून. २ ऑगस्टच्या पानावर ते नव्हते. तिथे मी ते लिहिले आहे, आणि पुढे आधार.