सिस्टर रात्री पेशंटला सारखं का उठवतात?

"आत्ताच तं त्याचा डोळा लागला होता, सिस्टर. त्याले झोपू द्या ना जरा." वॉर्डात रात्री ही विनंती नेहमी ऐकू येते. ती समजण्यासारखी आहे, पण काही आजारांत पेशंटला उठवून पाहणं हा उपचाराचाच भाग असतो. डॉक्टरांच्या दोन राउंडच्या मधल्या तासांत पेशंटमध्ये होणारा बदल बहुधा परिचारिकेलाच आधी दिसतो. त्या बदलाचा अर्थ लावून आधी काय करायचं हे ठरवण्याला 'क्लिनिकल जजमेंट' म्हणतात. सोप्या भाषेत, रुग्णाजवळची निर्णयक्षमता. ती सरावाने येते आणि आता परीक्षेतही तपासली जाते.

एक उदाहरण: मण्यारचा दंश

वऱ्हाडात पावसाळ्याच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. मण्यार बऱ्याचदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. जखम दुखत नाही आणि दाताची खूणही अनेकदा सापडत नाही.

समजा, दर्यापूरकडचा एक शेतकरी रात्री 2 वाजता दवाखान्यात आला. अंथरुणात काहीतरी वळवळलं, एवढंच त्याला आठवतं. पोटात थोडं दुखतंय. त्याचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवलं, तर ते नीट गोठलं. म्हणजे घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्तावर होणारा परिणाम सध्या दिसत नाही. पण मण्यारचं विष नसांवर आणि स्नायूंवर परिणाम करतं, त्यामुळे या तपासणीवरून मण्यार चावलीच नाही असं म्हणता येत नाही. म्हणून त्याला 24 तास देखरेखीखाली ठेवलं.

पहाटे 4 वाजता त्याच्या पापण्या जड दिसतात. नातेवाइकांना वाटतं, झोप आली. पण झोपेने मिटलेली पापणी आणि विषाने उतरलेली पापणी लांबून सारखीच दिसते. फरक कळतो तो उठवल्यावरच. म्हणून सिस्टर म्हणतात, "काका, डोळे पूर्ण उघडा. वर पाहा. मान उचला. आता एका दमात आकडे मोजा." मघाशी तीसपर्यंत मोजणारा माणूस आता पंधरावर थांबला, तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन त्या वेळी ठीक दिसू शकतो. आकडा घसरेपर्यंत थांबलं तर उशीर होतो.

सिस्टरच्या डोक्यात काय चालतं?

1. खुणा ओळखणे: पापणी उतरली, मोजणी कमी झाली.
2. अर्थ लावणे: ही साधी झोप नाही, विषाचा परिणाम असू शकतो.
3. मोठा धोका ठरवणे: पोटदुखीपेक्षा श्वास महत्त्वाचा.
4. उपाय ठरवणे: डॉक्टरांना बोलावणं, ऑक्सिजन, लाळ ओढून घ्यायचं यंत्र आणि कृत्रिम श्वासाची तयारी.
5. कृती: डॉक्टरांना लगेच आणि नेमक्या शब्दांत सांगणं, त्यांच्या आदेशाने सर्पविषावरची लस सुरू करणं.
6. परिणाम तपासणे: सुधारणा आहे का? अंगावर गांधी, थंडी वाजणं, धाप असा लसीचा त्रास दिसला तर सलाइनमधून चाललेली लस लगेच थांबवून डॉक्टरांना बोलावणं.

सहावी पायरी झाली की पुन्हा पहिली. म्हणूनच थोड्या थोड्या वेळाने उठवणं थांबत नाही.

परीक्षेत हे कसं तपासतात?

महाराष्ट्रात तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. अमेरिकेत काम करायचं असेल तर 'एनक्लेक्स' ही परवाना परीक्षा द्यावी लागते. परदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलीही तिची तयारी करतात. 1 एप्रिल 2023 पासून या परीक्षेत एकाच रुग्णाची माहिती टप्प्याटप्प्याने देऊन त्यावर सहा प्रश्न विचारतात. त्या सहा प्रश्नांचा आधार म्हणजे वरच्याच सहा पायऱ्या.

घरात कुणी नर्सिंग शिकत असेल तर असा प्रश्न घालून पाहा: "सर्पदंशाचा रुग्ण अचानक बेचैन झाला. नातेवाईक झोपेचं औषध मागतात. सर्वांत आधी काय कराल?" पाठ केलेली उत्तरं इथे पुरत नाहीत. बेचैनी हे श्वास कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. म्हणून आधी श्वास तपासायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. झोपेच्या औषधाने श्वास आणखी मंदावू शकतो. प्रत्येक उत्तरामागचं कारण तोंडाने सांगता येणं, हाच खरा सराव.

नातेवाइकांनी काय करावं?

पहिली पायरी खुणा ओळखण्याची आहे, आणि त्यात तुमची मदत फार मोठी ठरते. पेशंट एरवी कसा बोलतो, कसा दिसतो हे तुम्हालाच ठाऊक असतं.

- दंश किती वाजता झाला, आधी कोणतं औषध किंवा झाडपाला दिला, हे न लपवता सांगा.
- "बरं नाही वाटत" एवढंच न सांगता बदल आणि वेळ सांगा: "तीन वाजेपर्यंत नीट बोलत होते, आता शब्द अडकतात."
- सिस्टर उठवत असतील तर अडवू नका. कशासाठी पाहता, असं जरूर विचारा.
- गिळायला त्रास होत असेल तर पाणी किंवा चहा पाजू नका. ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पापणी उतरणं, एकाची दोन दिसणं, आवाज बदलणं, तोंडात लाळ साठणं, श्वास अपुरा पडणं किंवा कुठूनही रक्त येणं, यांपैकी काहीही दिसलं तर राउंडची वाट पाहू नका. सिस्टरना त्याच क्षणी बोलवा. घरी असाल तर 108 ला फोन करा. मांत्रिकाकडे किंवा जखम कापण्या-बांधण्यात वेळ न घालवता सर्पविषावरची लस असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्या. अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार लांब असेल, तर आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात उपचार सुरू होऊ द्या.